रात्री भिजवलेलं पीठ

[दृश्य: वसतिगृहाचं सामायिक स्वयंपाकघर. रात्रीचे नऊ. ओट्यावर मोठं पातेलं, शेजारी वजनकाटा.]

विद्यार्थ्याच्या खोलीत मिक्सर नसतो, मळायला मोकळा ओटा नसतो, आणि ओव्हन असलाच तर तो दहा जणांत मिळून एक. रात्र मात्र प्रत्येकाची आपली असते. रात्री नऊला भिजवलेल्या पिठाचा दुसऱ्या दिवशी दुपारी पाव होतो, आणि मधल्या पंधरा-सोळा तासांत हाताला काम पडतं ते जेमतेम वीस मिनिटांचं.

पहिली खरेदी वजनकाट्याची. मैदा अलगद भरला तर कपात १२० ग्रॅम मावतो. तोच कप पिशवीत खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांमागे ९० ग्रॅमचा फरक! तेवढ्यावर सैल पिठाचा दगडी गोळा होतो आणि दोष येतो यीस्टवर.

[दृश्य: काट्यावर पातेलं. आकडा शून्यावर आणला जातो.]

मैदा ४०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम. इन्स्टंट यीस्ट मोजमापाच्या छोट्या चमच्याने पाव चमचा. पावाला पाव चमचा, लक्षात ठेवायला सोपं. हे वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी भरतं, आणि घरगुती काट्याचा इतक्या कमी वजनावर भरवसा नसतो, म्हणून इथे चमचाच बरा. सगळं कोरडं एकत्र करायचं, पाणी ओतायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत चमच्याने ढवळायचं. मळायचं नाही. हाताला चिकटणारा, ओबडधोबड लगदा दिसला की काम झालं. इथेच घाबरून वरून मूठभर मैदा टाकण्याची चूक सर्वांत जास्त होते.

मळल्याशिवाय पावाला ताण कुठून येतो? मैद्यातली प्रथिनं पाण्यात भिजली की आपोआप एकमेकांना धरू लागतात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. मळण्याने हे लवकर घडतं, इतकंच. इथे ते काम रात्र करते. यीस्टचे बुडबुडे फुगताना ती जाळी आतून ताणत राहतात. पीठ सैल असल्यामुळे हे सोपं जातं. घट्ट पिठात याच वेळात तितकं काम होत नाही.

पातेल्यावर झाकण ठेवायचं. खोलीत २२ ते २४ अंश सेल्सिअस असतील तर १२ ते १६ तास लागतात. उकाड्यात, ३० अंशांच्या आसपास, हेच सात-आठ तासांत उरकतं. तेव्हा फ्रिजमधलं गार पाणी वापरावं, किंवा दोन तासांनी पातेलंच फ्रिजमध्ये सरकवावं. पण घड्याळापेक्षा पिठाकडे बघावं. दुप्पट फुगलेलं, वर बुडबुडे, पातेलं हलवलं की थरथरणारं, म्हणजे तयार. मध्यभागी खळगा पडला आणि आंबूस, दारूसारखा वास आला, तर वेळ हुकली. त्याचा उंच पाव होणार नाही. पण टाकून द्यायचं कारण नाही. तव्यावर त्याच्या जाड पोळ्या छान होतात.

[दृश्य: ओले हात, पीठ लावलेला ओटा, चारही बाजूंनी आत दुमडलेला गोळा.]

सकाळी चारही कडा मध्यावर दुमडून गोळा उलटा ठेवायचा आणि कापडाखाली तासभर विसावू द्यायचा. बोटाने हलकं दाबलं की खड्डा सावकाश, अर्धवट भरून यायला हवा. टुणकन वर आला तर अजून थांबा. तसाच राहिला तर लगेच ओव्हनकडे पळा.

खरी करामत झाकणाच्या भांड्याची. ओव्हन २३० अंशांवर, आणि त्यात जाड बुडाचं, झाकण असलेलं भांडं अर्धा तास आधीपासून तापत ठेवलेलं. भांड्याला प्लास्टिकची मूठ नको, नॉनस्टिकही नको. गोळा बटर पेपरसकट आत सोडायचा आणि झाकण लावायचं. पिठातलं पाणी वाफ होऊन आतच कोंडतं. त्या वाफेने वरचा पृष्ठभाग ओला, मऊ राहतो, म्हणून पाव आतून फुगत असताना त्याला वाढायला जागा मिळते. वाफ नसेल तर साल पहिल्या काही मिनिटांतच वाळून कडक होते आणि पाव कुठेतरी बाजूने फुटतो. ३० मिनिटांनी झाकण काढायचं. पुढची १५ मिनिटं रंगासाठी. फिकट सोनेरीवर थांबू नका, गडद तपकिरी होऊ द्या. तळावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. थर्मामीटर असेल तर आत ९५ अंशांच्या वर हवेत.

छोट्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये वरची कॉइल फार जवळ असते. भांडं सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावं आणि झाकण काढल्यावर पाच मिनिटांनी डोकावावं. ओव्हन नसेलच, तर याच पिठाचे १०० ग्रॅमचे सात गोळे करून हाताने थापायचे. जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं.

पाव बसकाच राहिला तर यीस्ट तपासा: अर्धा कप कोमट पाणी, चिमूटभर साखर, अर्धा चमचा यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते पाकीट कचऱ्यात. मीठ विसरलं तर पीठ भराभर फुगतं, फार चिकटतं आणि चवीला कागद.

[दृश्य: जाळीवर पाव. मागे ओव्हनचा दिवा अजून चालू.]

पाव जाळीवर तासभर निवायलाच हवा. आतला स्टार्च तोवर घट्ट होत असतो. गरम कापला तर सुरीला गिच्च गोळा लागतो. एवढ्यात तापलेल्या ओव्हनचा उपयोग करा. बटाट्याच्या अडीच सेंटिमीटरच्या फोडी, तेल, मीठ, २२० अंश, ३५ ते ४० मिनिटं. ट्रेमध्ये दाटी केली की त्या भाजत नाहीत, वाफवल्या जातात.

बरोबर राजमा शिजवणार असाल तर एक गोष्ट सोडू नका. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने जोरदार उलट्या होतात. रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मग मऊ होईपर्यंत शिजवायचं. कमी आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा कधीच घालू नये.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला स्टार्च सर्वांत वेगाने पुन्हा कडक होतो, आणि पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यामुळेच. दोन दिवस कापडात, बाकीचे काप करून फ्रीझरमध्ये, पिशवीवर नाव आणि तारीख घालून. गोठलेला काप थेट मंद तव्यावर, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. कापांच्या मध्ये बटर पेपर घातला नसेल, तर सकाळी तासाला उशीर होत असताना सुरीने ते एकमेकांपासून उचकटत बसावं लागतं.