बर्कलीच्या एका घरातून निघालेले आर्किटेक्ट

सॅन फ्रान्सिस्कोत खाडीच्या काठाशी हा जो मोठा घुमट दिसतोय, बाजूला उंच कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या, खांबांच्या रांगा आणि समोर तळं, हा पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स. 1915 च्या जागतिक प्रदर्शनासाठी आर्किटेक्ट बर्नार्ड मेबेकने तो डिझाइन केला. प्रदर्शन संपलं की पाडायचा असंच ठरलेलं, पण लोकांचा इतका जीव जडला की तो राहिला, आणि 1960 च्या दशकात काँक्रीटमध्ये परत बांधून काढला. बघतच राहावी अशी वास्तू आहे. पण आपल्याला आज जायचंय ते मेबेकच्या घरी.

1894 मध्ये मेबेक सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, भूमिती आणि ड्रॉइंग. आर्किटेक्चरचं डिपार्टमेंटच तिथे नव्हतं, ते आलं 1903 मध्ये, मग ज्या इंजिनीअरिंगच्या पोरांना बिल्डिंग डिझाइन करायची ओढ होती त्यांनी जायचं कुठे? मेबेकने त्यांना सरळ घरी बोलवायला सुरुवात केली. त्या घरात कोण येऊन बसायचं बघा. आर्थर ब्राऊन आणि जॉन बेकवेल, ज्यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा सिटी हॉल बांधला. एडवर्ड बेनेट, ज्याने डॅनिएल बर्नहॅमबरोबर 1909 चा शिकागो शहराच्या आखणीचा प्लॅन केला. आणि सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री घेतलेली एक मुलगी, ज्युलिया मॉर्गन.

मेबेक स्वतः पॅरिसच्या एकोल दे बोझार्तमध्ये शिकलेला, तेव्हा क्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाचं, आर्किटेक्चर शिकायचं तर जगभरातून लोक तिथेच जायचे. मॉर्गनला तो म्हणाला, तू पण जा. तिथे मुलींना घेतच नव्हते तरीही. ती 1896 ला पॅरिसला पोचली, 1897 मध्ये मुलींना एंट्रन्स द्यायची परवानगी मिळाली, पहिल्या खेपेला नंबर लागला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही, आणि 1898 मध्ये तिसऱ्या खेपेला ती 376 जणांत 13 वी आली. एवढंच नाही, तिथे वयाची 30 ची मर्यादा होती, म्हणजे त्याआधी सगळं संपवायला हवं, आणि ते तिने अगदी काठावर, 1902 मध्ये संपवलं.

आता तिथलं शिक्षण कसं चालायचं हे नीट समजून घेऊ, कारण मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. लेक्चर कॉलेजात, पण डिझाइन शिकायचं ते आतेलिएमध्ये. आतेलिए म्हणजे एका अनुभवी आर्किटेक्टच्या हाताखालचा स्टुडिओ. तो आठवड्यातून थोडाच वेळ यायचा, प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून ड्रॉइंग बघायचा, दुरुस्त करायचा आणि जायचा. बाकीचा सगळा वेळ तुम्हाला शिकवणार कोण, तर सीनियर. नवीन आलेल्याने सीनियरच्या ड्रॉइंगवर शाईच्या रेघा मारायच्या, वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात द्यायचा, कागद ताणून लावायचा, सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्याबरोबर जागायचं, आणि हे करताकरता डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक पद्धतीचा, खांब वर जाताना किती बारीक होतो, कॉर्निसची, म्हणजे माथ्यावरच्या बाहेर आलेल्या पट्टीची, सावली कुठे पडते हे हाताला कळत जायचं. पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी कोणीतरी नवीन येऊन बसणार आणि तुम्ही त्याला सांगणार.

मॉर्गन परत आली, 1904 मध्ये कॅलिफोर्नियात आर्किटेक्टचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई झाली, आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं तिचं ऑफिस तिने त्याच आतेलिएच्या धर्तीवर चालवलं. पुस्तकांचा संग्रह सगळ्यांना खुला, नफा झाला की स्टाफमध्ये वाटायचा, आणि ज्या काळात मुलींना ड्राफ्टिंगला कोणी उभं करत नव्हतं त्या काळात तिच्याकडे मुली काम करायच्या. 700 च्या आसपास इमारती तिच्या नावावर आहेत, वृत्तपत्रांचा मालक हर्स्ट याच्या महालाचं, हर्स्ट कॅसलचं, काम तर 1919 ते 1947 चाललं. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं गोल्ड मेडल मात्र तिला 2014 मध्ये मिळालं, मरणोत्तर, एका बाईला पहिल्यांदाच. किती उशीर.

मग काळ बदलला. 1937 मध्ये मॉडर्न आर्किटेक्चरचा पुरस्कर्ता वॉल्टर ग्रोपियस हार्वर्डला शिकवायला आला, एकामागून एक कॉलेजांनी जुना अभ्यासक्रम सोडून दिला. पुस्तकं कुठे गेली नव्हती, लायब्ररीत होतीच, पण शेजारी बसून रेघ सुधारणारा माणूस राहिला नाही, आणि एकदोन पिढ्यांत ही विद्या शिकवणारे शोधावे लागायला लागले.

ती परत जोडली गेली तीही शिकवण्यातूनच. 1989 मध्ये टॉमस गॉर्डन स्मिथ अमेरिकेतल्या नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या आर्किटेक्चर विभागाचा प्रमुख झाला आणि त्याने अभ्यासक्रम क्लासिकलकडे वळवला, तिथली मुलं आजही तिसरं वर्ष रोममध्ये काढतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये काही तरुण आर्किटेक्ट्सनी मिळून एक इन्स्टिट्यूट काढली, जी आज इन्स्टिट्यूट ऑफ क्लासिकल आर्किटेक्चर अँड आर्ट म्हणून ओळखली जाते. नोकरी करणारा ड्राफ्ट्समन, सुतारकाम करणारा, प्लास्टरचं नक्षीकाम करणारा, सगळे एका वर्गात येऊन ऑर्डर्स, म्हणजे डोरिक-कोरिंथियनसारख्या खांबांच्या ठरलेल्या पद्धती, काढायला शिकू शकतात, आणि अशा ओळखींतूनच पुढे कामं मिळतात, पार्टनर मिळतात.

आणि हे सगळं फक्त तिकडचं आहे असं नाही हं. 1917 मध्ये आपल्या मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या आर्किटेक्चरच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक असोसिएशन काढली, गेटवे ऑफ इंडियावाले जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष, आणि तीच वाढत वाढत 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. देशभरातल्या आर्किटेक्ट्सची संस्था एकाच कॉलेजातून शिकून निघालेल्यांनी सुरू केलेली! जे.जे.त शिकवणारे आर्किटेक्ट क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांकडून आपल्या जुन्या इमारती मोजून त्यांची ड्रॉइंग्ज करून घ्यायचे.

मुंबईत एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर आपण सगळेच कधी ना कधी बसलोय. 1833 चा टाऊन हॉल तो, वर डोरिक खांब. आर्किटेक्चर शिकणारं कोणी हा व्हिडिओ बघत असेल तर एका रविवारी सकाळी टेप आणि कागद घेऊन तिथे जा, परवानगी लागेल तिथे ती काढा, आणि तुमच्यापेक्षा एकदोन वर्षांनी मागे असलेल्या कोणालातरी बरोबर घ्या. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.