उडत्या तबकड्यांना बंदी असलेलं द्राक्षांचं गाव

नमस्कार श्रोतेहो. आज आपण दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात जाणार आहोत. गावाचं नाव शातोनफ-द्यु-पाप. नाव जरा अवघड आहे, म्हणून पुन्हा सांगतो, शातोनफ-द्यु-पाप. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, अव्हिन्यों आणि ओरांज या दोन शहरांच्या मधे वसलेलं. गाव छोटं, पण तिथल्या लाल वाइनचं नाव जगभर. आता वाइनचं नाव काढलं की काही मंडळी लगेच रेडिओ बंद करतात. त्यांना माझी विनंती आहे, थांबा. हे भाषण पिणाऱ्यांपेक्षा द्राक्ष लावणाऱ्यांसाठी जास्त आहे.

चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी अव्हिन्योंला राहत होते, 1309 ते 1377. त्यांच्यातल्या बाविसाव्या जॉन या पोपने इथल्या टेकडीवर किल्ला बांधला आणि पुढे त्यावरून गावाला पोपचं नाव लागलं. त्या किल्ल्याचा आता अर्धा बुरूज तेवढा उभा आहे. बुरुजाचा दुसरा अर्धा भाग 1944 मध्ये जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवला.

द्राक्षाच्या बऱ्याच जुन्या बागांत मांडव नाही, तार नाही. कमरेएवढी ठेंगणी झुडपं, आणि कितीतरी बागांत त्यांच्या खाली माती दिसतच नाही, नुसते गोल गुळगुळीत दगड. हे दगड दिवसभर तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला देतात. वरून मिस्त्राल नावाचा कोरडा, जोरकस वारा वाहतो, त्यामुळे पानं ओली राहत नाहीत आणि बुरशीला वाव कमी मिळतो. मुख्य जात ग्रेनाश. तिच्या जोडीला सिरा, मूर्व्हेद्र आणि इतर, नियमाने तेरा जातींना परवानगी. ग्रेनाशमध्ये साखर भरपूर उतरते, आंबताना तिचीच दारू होते, म्हणून ही वाइन चांगली कडक होते. एकेकाळी तर ती पिंपांनी वर बर्गंडीला जायची, तिथल्या हलक्या वाइनमध्ये जोर आणायला. स्वतःचं नाव न लावता.

आणि दुसरीकडे कुठलीही वाइन या गावाच्या नावाने विकली जायची. आपल्याकडे हापूसच्या पेटीचं जे होतं तेच. पेटीवर देवगड आणि आत भलताच आंबा. मला याचा मनापासून राग येतो. नाव शेतकऱ्याच्या घामाचं असतं आणि खातो ते मधला माणूस.

तर 1923 मध्ये इथले शेतकरी बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. कायदा शिकलेला माणूस, पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला आणि गावातल्या शातो फोर्तिया या मळ्याचा मालक. त्यांच्या पुढाकाराने गावाने आधी स्वतःलाच नियम घालून घेतले. आधी स्वतःला, हे लक्षात घ्या. जिथे रानात थाइम आणि लॅव्हेंडर ही सुगंधी झुडपं उगवतात अशाच हलक्या, कोरड्या जमिनीत वेल लावायचे. निवड करताना निदान 5 टक्के द्राक्षं बाजूला काढायची. साखर न घालता दारूचं प्रमाण किमान साडेबारा टक्के आलं पाहिजे. मग कोर्टकज्जे, मग 1935 चा देशाचा कायदा, आणि 1936 मध्ये या गावाचं नाव कायद्याने राखीव झालं. नाशिकच्या वाइनला आज जे भौगोलिक मानांकन आहे, ते याच विचाराच्या वाटेने आलेलं आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढा वेळ थांबलो होतो ती सांगतो. साल 1954, ऑक्टोबर महिना. त्या वर्षी फ्रान्सभर उडत्या तबकड्यांची साथ आली होती. कुणाला शेतावर चकाकणारी थाळी दिसली, कुणाला आकाशात सिगारच्या आकाराचं लांबट यान दिसलं, कुणाला रेल्वेच्या रुळांजवळ बुटकी माणसं दिसली. वर्तमानपत्रं रोज भरून वाहत होती. अशा वेळी आमच्या गावाचे महापौर, नाव ल्युसिएँ ज्यन, यांनी काय केलं? त्यांनी सरळ हुकूम काढला. पत्रक नव्हे, गप्पा नव्हे, नगरपालिकेचा रीतसर हुकूम, कलमं पाडून लिहिलेला.

कलम पहिलं. उडती तबकडी किंवा उडती सिगार म्हणून ओळखलं जाणारं कोणतंही यान, मग ते कोणत्याही देशाचं असो, त्याने या गावाच्या हद्दीवरून उडायचं नाही, हद्दीत उतरायचं नाही आणि इथून उड्डाणही करायचं नाही. कोणत्याही देशाचं असो! मंगळावरून आलेल्याने कुठला पासपोर्ट दाखवायचा, हे काही लिहिलेलं नाही. कलम दुसरं. असं यान हद्दीत उतरलंच, तर ते ताबडतोब जप्त होईल. आणि कलम तिसरं मला सगळ्यांत आवडतं. या हुकमाची अंमलबजावणी कोण करणार? लष्कर नाही, हवाई दल नाही. गावचा रखवालदार. रानातून फिरून बांधावरची भांडणं मिटवणारा, द्राक्षं चोरणाऱ्या पोरांना पळवून लावणारा तो रखवालदार. त्याने तबकडी अडवायची आणि ताब्यात घ्यायची!

बातमी गावाबाहेर गेली, देशाबाहेर गेली. प्रत्येक बातमीत गावाचं नाव, आणि गावाच्या नावातच वाइनचं नाव. महापौरांच्या मुलाने पुढे सांगितलं की वडिलांना हीच प्रसिद्धी हवी होती. एक पैसा खर्च न करता जाहिरात! मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. त्या हुकमात खोटं एक अक्षर नाही, कुणाची फसवणूक नाही. आजच्या जाहिराती ऐकल्या की, खरं सांगतो, ज्यनसाहेबांची आठवण येते.

गोष्ट इथे संपत नाही. कॅलिफोर्नियातले वाइन बनवणारे रँडल ग्रॅम यांनी याच गावाच्या पद्धतीने, ग्रेनाश, सिरा आणि मूर्व्हेद्र मिसळून वाइन काढली. गावाचं नाव तर वापरता येत नाही, कायदा आहे. मग त्यांनी नाव ठेवलं ‘ल सिगार व्होलाँ’, म्हणजे तीच हुकमातली उडती सिगार. लेबलवर जुन्या चित्रासारखा द्राक्षमळा आणि वर तरंगणारं यान. तो हुकूम पुढे कुणी रद्दही केला नाही. 2016 मध्ये तेव्हाच्या महापौरांना विचारलं, तर ते म्हणाले, मी त्याला हात लावणार नाही.

वेळ संपत आली. परदेशात असाल आणि ही बाटली दिसली, तर काचेवर हात फिरवून बघा. बऱ्याच बाटल्यांवर पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठावात कोरलेल्या असतात, 1937 पासूनची ती खूण आहे. ती नियमात बनलेली गावची वाइन. आणि फ्रान्सच्या पुस्तकात खोलीच्या तापमानाला प्यावी असं लिहिलं असेल, तर ती खोली तिकडची, मे महिन्यातली नागपूरची नव्हे. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, पण पेल्यात बर्फ टाकू नका. सोबत मटण असेल तर उत्तम. नमस्कार.