बॉण्डवर सही करण्यापूर्वी: लष्करी सेवा आणि नर्सिंगची पदवी

(कोल्हापूर येथे बारावीच्या विद्यार्थिनी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्याकडे एक बातमी कानोकानी फिरू लागते : लष्करात मुलींना नर्सिंगची पदवी फुकट मिळते, राहणे-जेवणे फुकट, वर हातखर्चाला पैसे, आणि चार वर्षांनी मुलगी थेट लेफ्टनंट होते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. फक्त ‘फुकट’ हा शब्द तेवढा खरा नाही. पदवीची किंमत येथेही मोजावी लागते, पण ती पैशांत नव्हे तर सेवेच्या वर्षांत, आणि ती शिक्षणाच्या आधी नव्हे तर नंतर. हा व्यवहार वाईट आहे असे सांगण्यासाठी मी आलेले नाही. नर्सिंग शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि या वाटेने गेलेल्या मुलींचा मला अभिमान वाटतो. मात्र सतराव्या वर्षी केलेला हा नोकरीचा करार आहे, त्याची पहिली चार वर्षे वर्गात आणि वॉर्डात जातात एवढेच, हे घरातल्या सर्वांना आधी समजलेले असावे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम योजना नेमकी काय आहे ते पाहू. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेची सहा नर्सिंग महाविद्यालये आहेत. पुण्याचे एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, आणि मुंबईच्या कुलाब्यातील ‘अश्विनी’ हे नौदलाचे रुग्णालय ही त्यांतली आपल्याला जवळची. बाकीची दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळुरू येथे. सहाही ठिकाणच्या मिळून २२० जागा अलीकडच्या जाहिरातींत दिलेल्या असतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचाच, आणि पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे कोल्हापुरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला मिळते तीच. शिकत असताना निवास, शिधा, गणवेशाचा भत्ता आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. पदवी हाती आली की मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या एमएनएसमध्ये, कायम किंवा अल्पमुदतीचे कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळते. या सेवेत फक्त महिलांना घेतात.

ही सेवा आजची नाही. १८८८ च्या मार्चमध्ये दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि लष्करी रुग्णालयांतल्या शुश्रूषेची घडी बसवू लागल्या, तेथून तिचा इतिहास मोजतात. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९२६ मध्ये स्थापन झाली आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या अध्यादेशाने, या परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेनेही युद्धासाठी परिचारिका कमी पडतात म्हणून ‘कॅडेट नर्स कोअर’ सुरू केले : शिक्षणाचा खर्च सरकारचा, आणि त्या बदल्यात युद्ध संपेपर्यंत परिचारिका म्हणून काम करण्याचे वचन विद्यार्थिनीचे. तेथे आजही आरओटीसी या विद्यापीठांतल्या लष्करी अधिकारी-प्रशिक्षण योजनेच्या शिष्यवृत्तीवर नर्सिंग शिकता येते. फरक असा की तेथील विद्यार्थी नागरी विद्यापीठातच शिकतो, लष्कर त्याची फी भरते, आणि पुढे प्रत्यक्ष व राखीव सेवा मिळून आठ वर्षांचे बंधन त्याच्यावर राहते. आपल्याकडे महाविद्यालयच लष्कराचे असल्यामुळे शिस्त पहिल्या दिवसापासून लागू होते. माझ्या मते हे आपल्या मुलींच्या फायद्याचेच आहे, कारण आपण काय पत्करले आहे हे त्यांना पदवीनंतर नव्हे, पहिल्या महिन्यातच कळते.

आता बॉण्डकडे वळू, कारण पालकांचे सर्वांत कमी लक्ष तिकडेच असते. प्रवेशाच्या वेळी मुलीकडून सेवेचा करार लिहून घेतला जातो. सतरा वर्षांची मुलगी कायद्याने अज्ञान असते, त्यामुळे तेथे पालकाची सही येतेच. प्रशिक्षण अर्धवट सोडले किंवा पदवीनंतर कमिशन नाकारले, तर प्रशिक्षणावर झालेला खर्च वसूल केला जातो. गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, मधीच पोरीनं सोडलं तर पैसं कोन भरायचं?” मुलगी खाली मान घालून बसली होती आणि मला तिच्यापेक्षा वडिलांचे कौतुक वाटले, कारण असा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारणारे पालक मला फार थोडे भेटले आहेत. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि मग हंगामभर फडात राबून ती फेडतात, हे आपण पाहत आलो आहोत. बॉण्डचा व्यवहारही मुळात तसाच : पैसा आधी, काम मागाहून. मात्र टोळीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि तो कधी फिटतो ते मुकादमच सांगतो. येथे मुदत आणि रक्कम छापील असते. ती त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी, शेजारच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी काय भरून दिले त्यावर विसंबू नये. करार इंग्रजीत असतो. तो वाचून समजावणारा माणूस घरात नसेल तर गावातल्या वकिलाकडे किंवा निवृत्त सुभेदारसाहेबांकडे अर्धा तास बसावे.

अशी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथून तीन तासांच्या आत, बेळगावला. मुलाला भरतीच्या मैदानावर पाठवायचे म्हणजे काय, हे येथल्या घरांना शिकवावे लागत नाही. अडचण अशी की मुलीचा प्रश्न आला की हीच घरे त्या अनुभवाकडे पाठ फिरवतात. श्रीनगर, उधमपूर, तेजपूर ही नावे मुलाच्या पोस्टिंगमध्ये आली तर गावात अभिमानाने सांगितली जातात. मुलीच्या पोस्टिंगमध्ये आली की आजी जेवण सोडते. बदली हा या नोकरीचा भाग आहे. तो सही करताना मान्य करायचा आणि चार वर्षांनी “जवळपास कुठे मिळेल का” म्हणून वशिला शोधत फिरायचे, यात त्या मुलीचीच ओढाताण होते.

लग्नाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. प्रवेशासाठी मुलगी अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त असावी लागते आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. त्यानंतर मात्र लग्नाची आडकाठी नाही. पूर्वी ती होती. १९८८ मध्ये एमएनएसमधील एका अधिकारी महिलेला लग्न केले म्हणून सेवेतून काढण्यात आले. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तो नियमच मनमानी ठरवून तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. नियम त्याआधीच, १९९५ मध्ये, मागे घेण्यात आला होता. तरीही “लष्करात गेली की लग्न करू देत नाहीत” हे वाक्य मला अजून ऐकायला मिळते, आणि बहुधा ज्यांना मुलीला पाठवायचे नसते त्यांच्याकडूनच.

वेतनाबाबत दोन आकडे पुरेत. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि नर्सिंग अधिकाऱ्यांचे मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी सेवेबद्दलचे जादा वेतन, १०,८०० रुपये आहे. महागाई भत्ता वगैरे निराळा. इतर लष्करी अधिकाऱ्यांचे मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० रुपये आहे, हेही ठाऊक असावे, कारण खांद्यावरचे तारे सारखे दिसले तरी सगळे सारखे नसते. असे असले तरी बावीस-तेवीस वर्षांच्या परिचारिकेला पहिल्याच महिन्यापासून एवढे वेतन देणारे खासगी रुग्णालय आपल्या परिसरात मला तरी माहीत नाही.

पात्रतेत आपल्या मुली कोठे अडकतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान ५० टक्के गुण हवेत, आणि परीक्षा पहिल्याच प्रयत्नात, नियमित विद्यार्थिनी म्हणून उत्तीर्ण झालेली हवी. म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेली मुलगी कितीही हुशार असली तरी येथे बाद होते, आणि एक विषय राहून पुरवणी परीक्षेत सुटलेलीही बाद होते. अकरावीला “बायोलॉजीचं पाठांतर नको” म्हणून नुसते गणित घेणाऱ्या मुलींनी हे तेव्हाच ऐकायला हवे. बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे येऊन काही उपयोग होत नाही. २०२२ पासून पहिली चाळणी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांची असते. राज्याच्या नर्सिंग सीईटीचा या प्रवेशाशी संबंध नाही. नीटचा निकाल लागल्यावर लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि हे न कळल्यामुळे चांगले गुण असूनही मुली घरी बसतात. पुढे सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. इंग्रजी येथे फार जणींना मागे ओढते. नीटची तयारी करताना रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, तर मुलाखतीपर्यंत जीभ सुटते.

एक मुद्दा मात्र नवा आहे, आणि त्याने सगळा हिशेब बदलतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. मेस आणि वसतिगृहाचा खर्च राहतो, पण पूर्वी ज्या फीच्या आकड्याला घाबरून लोक बॉण्डकडे वळत, तो आकडाच अनेक घरांपुरता उरलेला नाही. त्यामुळे केवळ फी परवडत नाही एवढ्याच कारणासाठी मुलीला लष्कराच्या वाटेला लावणाऱ्या पालकांनी आधी ही सवलत आपल्याला लागू होते का ते तपासावे. जिला ती नोकरीच हवी आहे, तिचा प्रश्न वेगळा. तिने सवलतीच्या मोहात पडून एएफएमसीची संधी सोडू नये.

आणि जिला अजून ठरवता येत नाही तिच्यासाठी दुसरे दार आहे, ज्याविषयी कोणी बोलत नाही. बाहेर बी.एस्सी. नर्सिंग करून, नर्सिंग परिषदेची नोंदणी घेऊन, अल्पमुदतीच्या कमिशनसाठी थेट अर्ज करता येतो. २०२४ च्या जानेवारीत त्यासाठी एनटीएने, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, घेतलेल्या परीक्षेची वयोमर्यादा २१ ते ३५ होती. म्हणजे आधी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात नाईट ड्यूटी करून पाहावी, अपघात विभागातली एक शनिवार रात्र काढावी, हे काम आपल्याला झेपते आणि आवडते याची खात्री करावी आणि मग, कळत्या वयात, स्वतःच्या सहीने लष्करात जावे. माझ्या विद्यार्थिनींपैकी ज्या द्विधा मनःस्थितीत असतात त्यांना मी हीच वाट सुचवते.

मुलांच्या पालकांनीही विचारले आहे, म्हणून सांगते. एमएनएस पुरुषांसाठी नाही. बारावी विज्ञान झालेल्या मुलांना सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होता येते. मात्र तो शिपाई आहे, अधिकारी नव्हे, आणि त्या भरतीने बी.एस्सी.ची पदवी मिळत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या भरती कार्यालयाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.