लॉन कापायचं किती घ्यायचं?

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी पुण्यात माळीकामाची कंत्राटं घेतो, बंगले, सोसायट्या, मुळशीकडे एक-दोन फार्महाऊस. माती, खतं, कटिंग, कलमं हे तुम्हाला इथे नीट शिकवलंय, त्यात मी वेगळं काय सांगणार. मी आज पैशाचंच बोलणार आहे. कारण मी इतकी वर्षं बघतोय, ज्याचा हात सगळ्यात चांगला चालतो तोच माणूस गिऱ्हाईकाने "किती घेणार?" विचारलं की गडबडतो, तोंडात येईल तो आकडा सांगून टाकतो आणि मग वर्षभर त्या आकड्याला बांधला जातो.

माझं पण तेच झालेलं. सुरुवातीच्या काळात एका सोसायटीचं काम मिळत होतं, आठ गुंठे लॉन, म्हणजे गुंठ्याला १,०८९ धरले तर पावणेनऊ हजार चौरस फूट. आधीचा कंत्राटदार महिन्याला १४,००० घेत होता असं कळलं, मी एक चक्कर मारली, मे महिना होता, गवत वाळून जमिनीला चिकटलेलं, म्हटलं हे तर तीन तासांत होतंय, आणि १२,००० सांगून मोकळा झालो. कमिटी खूश, मी पण खूश. मग जुलै आला. ज्यांनी पावसात मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, चालवलाय त्यांना माहितीये, ओलं गवत पात्याखाली असं चिकटतं की दर दहा मिनिटांनी मशीन बंद करायचं, आधी प्लगची कॅप काढायची, मोअर आडवा करायचा, आतला हिरवा लगदा खुरप्याने खरवडायचा, परत कॅप लावायची, परत दोरी ओढायची. तीन तासांचं काम सातवर गेलं आणि तेही दर आठवड्याला. माझ्याकडे वाशिमकडचा एक पोरगा होता कामाला, एकदम तयार हात, त्याची हजेरी मी दोनदा उशिरा दिली कारण माझ्या हातातच काही उरत नव्हतं. पोळ्याला गावी जातो म्हणाला. जायच्या दिवशी खुरपं, कात्री सगळं धुऊन, पुसून माझ्या पायरीवर ठेवून गेला आणि परत आला नाही. तो काही बोलला नाही पण मला ते अजून लागतं. चुकीचा आकडा मी सांगितला आणि त्याचे पैसे गेले त्या पोराच्या हजेरीतून. म्हणून मी हा हिशोब जिथे बोलावतील तिथे जाऊन सांगतो.

तर हिशोब. वही काढा, मोबाईलवर केलं तरी चालेल.

समजा तुम्ही आणि एक हेल्पर, एक मोअर, कडा मारायला एक ब्रशकटर, एक बाईक. आकडे माझे आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील. हेल्परची हजेरी ७०० धरा, २६ दिवसांचे १८,२००. आता तुमची स्वतःची हजेरी. हसू नका, इथेच निम्मे लोक शून्य लिहितात, म्हणतात "मी मालक, मला जे उरेल ते". अहो, तुम्ही उद्या पाय मुरगळून घरी बसलात तर तुमच्या जागी माणूस लावावा लागेल ना, तो काय फुकट येणार आहे? स्वतःला १,००० लावा, २६,००० झाले. दिवाळीचा बोनस, अपघात विमा, सुट्टीचा पगार मिळून महिन्याला २,३०० बाजूला. पेट्रोल, मशीनचं आणि बाईकचं मिळून ५,५००. मग मशीन. मोअर ३६,००० चा घेतला आणि तीन वर्षं चालला तर महिन्याला १,००० झिजतोय. ब्रशकटर १८,००० चा, रोज वापरला तर दोन वर्षं, म्हणजे ७५०. पात्याला धार, नायलॉनची दोरी, पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी ऑइल, सर्व्हिसिंग यांचे १,२५०. हे तिन्ही मिळून ३,०००. फोन, सामान ठेवायची खोली, बिलबुक, रिटर्न भरणारा, २,०००. सगळ्याची बेरीज ५७,०००.

आता हे कशाने भागायचं? नवीन माणूस म्हणतो २६ दिवस गुणिले ९ तास, २३४ तास, म्हणजे तासाला २४४ रुपये, मी ३०० घेतले की फायदाच फायदा. इथेच सगळा घोळ होतो. ९ तास तुम्ही घराबाहेर असता, गवत कापत नसता. बाणेरहून हडपसरला जायला किती वेळ जातो ते तुम्हाला मी सांगायला नको, मग गेटवर रजिस्टरमध्ये सही, वॉचमन साहेबांना फोन लावणार, मशीन उतरवा, पेट्रोल भरा, दुपारचा डबा. मी एक महिना खिशातल्या डायरीत मिनिटं लिहिली होती, प्रत्यक्ष काम दिवसाला साडेपाच तास निघालं. पाऊस आणि आजारपणाचे दोन दिवस सोडून द्या, २४ दिवस गुणिले साडेपाच, १३२ तास. ५७,००० भागिले १३२, तासाला ४३२. हा नुसता खर्च झाला. ३०० ने काम घेतलंत तर दर तासाला १३२ रुपये स्वतःच्या खिशातून घालताय, आणि दिवसभर घाम गाळून.

फायदा वर. समजा २० टक्के पाहिजे. लोक काय करतात, ४३२ वर २० टक्के चढवतात, ५१८ येतात. पण ५१८ मध्ये ८६ रुपये फायदा म्हणजे साडेसोळा टक्केच झाले की. गिऱ्हाईकाकडून आलेल्या प्रत्येक शंभरात वीस उरायला पाहिजेत ना, मग ४३२ ला ०.८ ने भागा, ५४०. फरक २२ रुपयांचा दिसतो, १३२ तासांना २,९०४ होतो, वर्षाला ३५,००० च्या आसपास. म्हणजे दरवर्षी एक नवा मोअर त्या भागाकारात आहे. मला हे एका जुन्या हार्डवेअरवाल्या काकांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून समजावलं होतं, मी तोपर्यंत गुणाकारच करत होतो.

तर ५४० हा तुमच्या टीमचा तासाचा दर. हा गिऱ्हाईकाला सांगायचा नाही बरं का, सांगितलात तर ते घड्याळ घेऊन गॅलरीत उभे राहतात. त्यांना कामाचा दर सांगायचा, तास आपल्या वहीत.

आता कामाचे तास कसे काढायचे. टेप न्या. बंगल्याबाहेर गाडी कुठली उभी आहे ते बघून दर लावणारे मी बघितलेत, मला ते पटत नाही, एकाच गल्लीत दोघांना वेगळा दर सांगितला की ते लोक संध्याकाळी फिरायला जाताना बोलतातच, आणि मग तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. समजा २,००० चौरस फुटांचं लॉन आहे, कोरियन कार्पेट जातीचं गवत. कापायला ४० मिनिटं, कडा मारायला २०, गोळा करून गोणी भरायला २०, मांडामांड १०. दीड तास. ८१० रुपये एका व्हिजिटचे. वर्षाच्या व्हिजिट मोजा: जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला, २२ धरा. थंडीत गवत वाढायचं कमी होतं, पिवळट पडतं, पंधरा दिवसांनी गेलं तरी चालतं, ८ व्हिजिट. मार्च ते मे ७. एकूण ३७, त्याचे २९,९७०, बारा महिन्यांत भागले की २,५००.

झालं? नाही झालं. पावसातल्या त्या २२ व्हिजिटना दीड तासाचे दोन तास होणार, मघाशी सांगितलं तसं. २२ वेळा अर्धा तास, ५,९४० रुपये. ते मिळवले की महिन्याला ३,००० येतात. हा महिन्याचा ५०० चा फरक मे महिन्यात लॉन बघून कधीच दिसत नाही. कोटेशन उन्हाळ्यात द्या, पण हिशोब जुलैचा करा. आणि दर बारा महिने सारखा ठेवा, गिऱ्हाईकाला ते सोपं जातं आणि तुम्हाला फेब्रुवारीत हजेरी द्यायला पैसे असतात. फक्त मग करार वर्षाचा पाहिजे, नाहीतर पावसाळा संपला की "आता गवत वाढत नाही, महिना दोन हजार घ्या" असं येतं. ते लिहून घ्या.

लिहून घ्या वरून आठवलं, ३,००० मध्ये काय नाही तेही लिहा. खत, औषध, लाल माती, शेणखत बिलाप्रमाणे वेगळं. हेज, म्हणजे कुंपणाची झुडपं, त्यांचं कटिंग वेगळं. लव्हाळ्याचं तण काढणं वेगळं, तो खालच्या गाठीसकट निघाला नाही तर परत येतो, एकेका फुटाला बसावं लागतं, फुकट कबूल करू नका. आणि कचरा. कापलेलं गवत, फांद्या कुठे जाणार? बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आणि पालिका सांगेल तशी विल्हेवाट लावायची, हे घनकचरा नियमांतच लिहिलेलं आहे, रस्त्याकडेला टाकायचा नाही, जाळायचा तर अजिबात नाही. त्यामुळे जागेवर खतखड्डा आहे का ते आधी विचारा. नसेल तर छोटा हत्ती टेम्पो सांगावा लागणार, त्याचं भाडं कोण देणार हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. अजून एक, ब्रशकटरने खडा उडून शेजारच्या गाडीची काच गेली तर ती तुमच्यावर येते. माझ्यावर दोनदा आलीये. कडा मारायच्या आधी खडे वेचून घ्या आणि महिन्याला थोडे पैसे त्या नावाने बाजूला टाका.

डिस्काउंटचं बोलतो. लोक म्हणतात "दहा टक्के कमी करा की". ऐकायला दहा टक्के, पण ५४० मध्ये तुमचा फायदा १०८ आहे, त्यातले ५४ गेले, निम्मा फायदा गेला. मग नाही म्हणायचं का? मी म्हणतो काम कमी करून द्या. "ताई, अडीच हजार बसतात ना, मग पावसाळ्यात दर आठवड्याऐवजी दहा दिवसांनी येतो, गवत थोडं वाढलेलं दिसेल, चालेल का?" बऱ्याचदा त्या म्हणतात नको, दर आठवड्याला या. खरं डिस्काउंट एकाच ठिकाणी द्यायचं, त्याच गल्लीत दुसरा बंगला मिळाला तर. तिथे तुमचा ४० मिनिटांचा प्रवास वाचतो, म्हणजे ३६० रुपये वाचले, त्यातले ५०-५० दोघांना सोडले तरी तुम्ही पुढे. मी तर आता कोथरूडच्या एका गल्लीत गुरुवार अख्खा ठेवलाय, चार बंगले, बाईक एकदाच लावतो.

सोसायटीचं थोडक्यात. बिल वर्षाला लाखाच्या वर गेलं की सोसायटी टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ आयकर, कापते, आपल्यासारख्या एकट्या कंत्राटदाराचा १ टक्का. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरलं की तुमच्या नावावर दिसतो, फक्त पॅन नंबर द्या, नाही दिला तर २० टक्के कापला जातो. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो, बागेच्या कामाला १८ टक्के. त्या उंबरठ्याजवळ आलात की नवीन कोटेशनवर "जीएसटी लागू झाल्यास वेगळा" ही एक ओळ टाकायची, नाहीतर तो १८ टक्के तुम्हीच भरत बसाल.

दरवाढ दरवर्षी करा, एप्रिलमध्ये, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सांगा. तीन वर्षं गप्प बसून एकदम हजार वाढवले की माणसं दुखावतात, त्यात त्यांची चूक नाही. मी कागदावर दोन ओळी लिहून देतो, हेल्परची हजेरी अमुकची तमुक केली, म्हणून दर इतका. हजेरी वाढवली असं लिहायचं तर ती खरंच वाढवलेली पाहिजे, तो पोरगा तिथेच गवत कापत असतो, त्याला विचारतात लोक.

प्रश्न घेऊ. हां, तुम्ही बोला दादा... "सोसायटीवाले तीन कोटेशन मागवतात आणि सगळ्यात कमीवाल्याला देतात." देतात, खरंय. माझ्याही हातून जातात अशी कामं. मी कोटेशनबरोबर वर्षाचा तक्ता जोडतो, कुठल्या महिन्यात किती व्हिजिट, खत कधी, कटिंग कधी, काय वेगळं. कमीवाल्याच्या कागदावर नुसता आकडा असतो, मग कमिटीतले एखादे रिटायर्ड काका त्यालाही विचारतात की तुझ्या किती व्हिजिट. तरी गेलं काम तर जाऊ द्या, नंबर देऊन ठेवा. ऑगस्टमध्ये दोन फोन येतात मला दरवर्षी.

मागच्या ताई? "मी बाल्कनीतल्या कुंड्या बघते, लॉन नाही, मग फुटाचा हिशोब कसा लावू?" ताई, फूट विसरा, मिनिटं धरा. तुम्ही एकट्या, मशीन नाही, तुमचा महिन्याचा खर्च आमच्या निम्म्याहून कमी येईल, तो तुमच्या खऱ्या तासांनी भागा. वीस कुंड्यांना किती वेळ लागतो? पाऊण तास, बरोबर? आणि लिफ्ट, चप्पल काढा, चहा घ्या, गप्पा, त्याची वीस मिनिटं. तीही धरा. एकाच बिल्डिंगमध्ये सहा घरं मिळाली तर एक दिवस त्यांचाच ठेवा. आणि कुंडी बदलणं, माती भरणं त्या पाऊण तासात नाही हे आधीच सांगून ठेवा, कारण बाल्कनीत मातीच्या पिशव्या वर चढवण्यातच अर्धा दिवस जातो. तुमचे आकडे लिहून आणलेत का? आणा इकडे, बसून करू.