सुपरस्पोर्टवरून नेकेडवर येताना

मित्रहो, सहा वर्षे सुपरस्पोर्ट, म्हणजे शर्यतीच्या धर्तीची, वारा अडवणारे आवरण (फेअरिंग) असलेली मोटारसायकल चालवल्यानंतर मी नेकेड, म्हणजे त्या आवरणाशिवायची गाडी घेतली, तेव्हापासून रविवारच्या राइडला भेटणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारत आले आहेत, की हे पायउतार होणे नाही का? प्रश्न आपुलकीचा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ते असे, की सुपरस्पोर्टची बैठक वाऱ्याच्या हिशेबाने बेतलेली असते आणि मुंबईत आपल्याला तो वाराच मिळत नाही. नेकेड गाडी वाऱ्यावाचून उत्तम चालते, मात्र ज्या दिवशी वारा भेटतो त्या दिवशी फेअरिंगचे काम चालवणाऱ्याच्या अंगाला करावे लागते, आणि ते काम नव्याने शिकल्याशिवाय येत नाही.

आधी बैठकीचे पाहू. सुपरस्पोर्टचे क्लिप-ऑन हँडल (दोन बाजूंना वेगवेगळे जोडलेले) खाली आणि अरुंद, फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचे खुंट, मागे आणि उंच, सीट पुढे उतरती. या तिन्हींमुळे शरीर टाकीवर झुकते आणि पुढच्या चाकावर भार येतो. सर्किटवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, तो भार हवाच असतो, कारण वळणात शिरताना पुढचा टायर रस्त्याला घट्ट धरून आहे हे हाताला कळावे लागते. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे फेअरिंगच्या काचेवरून येणारा वारा छातीखाली शिरून धड उचलून धरतो, मनगटे मोकळी होतात आणि तीच बैठक एकाएकी सोयीची वाटू लागते. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग ६० चा १२० झाला की रेटा चौपट होतो. म्हणूनच हायवेवर जी गाडी आरामशीर वाटते तीच दादर टीटीच्या सिग्नलला छळू लागते. वारा नसला की धडाचे सगळे ओझे दोन तळहातांवर येते.

माझा रोजचा रस्ता मुलुंड ते परळ. पूर्व द्रुतगती मार्गाने शीवपर्यंत आणि तिथून पुढे दादर. एका ऑगस्टच्या संध्याकाळी हिंदमाताला पाणी भरल्याने सगळी वाहतूक तुंबली होती आणि परळहून शीव गाठायलाच दीड तास लागला. घरी पोचलो, खिशातून किल्ली काढली आणि ती कुलपात बसेना. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट लाकडासारखे झाले होते, किल्ली दोनदा हातातून पडली, तेव्हा आईने दार उघडले आणि म्हणाली, "अरे, हात दाखव बघू." डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले, की तळहाताच्या बाहेरच्या कडेने, मनगटावरून जी नस त्या दोन बोटांकडे जाते ती हँडलवर टेकून सतत दाबली जात होती. सायकलवर लांबचे अंतर कापणाऱ्यांना हाच त्रास होतो. आपल्यापैकी कोणाची ही दोन बोटे राइडनंतर बधिर होत असतील, तर त्याने ते सवयीवर सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डावा हात आधी जाण्याचे आणखी एक कारण गिअरबॉक्समध्ये आहे. सहाशे सीसी वर्गातल्या अनेक सुपरस्पोर्ट गाड्यांचा पहिला गिअर इतका लांब असतो, की त्यातच त्या ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोचतात. तुंबलेल्या वाहतुकीत, ताशी आठ-दहाच्या वेगात, असा गिअर क्लच अर्धा दाबून धरल्याशिवाय चालतच नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर ठरवली होती. म्हणजे शहरात नियमाने चालवायचे म्हटले, तर या गाडीला दुसऱ्या गिअरचीही गरज पडत नाही. आणि जे रस्ते मोकळे आहेत ते आपल्याला बंद आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, यांपैकी एकावरही दुचाकीला प्रवेश नाही, जे. जे. उड्डाणपुलावरूनही आपण जाऊ शकत नाही. मुंबईत मोटारसायकलींचे सर्किट नाही, त्यासाठी चेन्नई किंवा कोइम्बतूरसारखे ठिकाण गाठावे लागते. मग ही गाडी तिच्या स्वभावाप्रमाणे चालणार कुठे, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

ताकदीविषयी एक गैरसमज आहे, तो आकड्यांनीच दूर होईल. २०१९ च्या सुमारास आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कावासाकी झेडएक्स-६आर या सुपरस्पोर्टची कमाल ताकद १३० पीएस (अश्वशक्तीचे माप), ती १३,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना. त्याच कंपनीच्या झेड९०० या नेकेड गाडीची १२५ पीएस, ती ९,५०० ला. दोन्ही जवळपास सारख्याच. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मात्र पहिलीचा ७०.८ न्यूटन मीटर, ११,००० आरपीएमला, आणि दुसरीचा ९८.६, तोही ७,७०० लाच. एकीचे इंजिन ६३६ सीसीचे आणि दुसरीचे ९४८ सीसीचे आहे, त्यामुळे ही तुलना सरळ नाही हे मान्य. पण शहरात बसच्या मागून निघून पुढच्या मोकळ्या जागेत शिरायला जो जोर लागतो तो टॉर्कचा, आणि तो मूठ जरा पिळताच मिळणे महत्त्वाचे.

नेकेड हा प्रकार सुपरस्पोर्टच्याच पोटातून आला आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकात युरोपातल्या, विशेषतः ब्रिटनमधल्या चालकांनी पडझड झालेल्या सुपरबाइकची महागडी फेअरिंग पुन्हा बसवण्याऐवजी ती काढूनच टाकली, वर सरळ रुंद हँडल लावले आणि गाड्या तशाच पळवल्या. १९९२ च्या कोलोन प्रदर्शनात डुकाटीने मॉन्स्टर दाखवली, मिगेल गालुझ्झी यांनी आखलेली. तिची चौकट कंपनीच्या सुपरबाइकवरूनच घेतली होती. १९९४ ला ट्रायम्फची स्पीड ट्रिपल आली, २००७ ला त्याच कंपनीच्या डेटोना ६७५ या सुपरस्पोर्टच्या इंजिनावर स्ट्रीट ट्रिपल आली. पुढे काळ असा उलटला, की यामाहाने २०२० नंतर युरोपात रस्त्यावर चालवायची आर-६ ही सुपरस्पोर्ट विकणे थांबवले आणि ती फक्त सर्किटपुरती ठेवली. ज्या गाडीवर एका पिढीचा जीव होता तिचे असे जाणे मलाही लागले.

आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या पिढीच्या केटीएम ३९० ड्यूक (नेकेड) आणि आरसी ३९० (सुपरस्पोर्टच्या धर्तीची) या दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात, म्हणजे फरक नीट समजतो. इंजिन तेच, ३७३ सीसीचे. पण ड्यूकच्या स्टिअरिंग हेडचा, म्हणजे पुढचा फोर्क ज्यात फिरतो त्या नळीचा कोन ६५ अंश, आरसीचा साडेसहासष्ट. दोन चाकांतले अंतर आरसीमध्ये सुमारे २७ मिलिमीटरने कमी. कोन अधिक उभा आणि अंतर कमी, म्हणून कागदावर आरसी अधिक चपळ ठरते, आणि तरीही वाहतुकीत ड्यूक हलकी वाटते. कारण आहे हँडलची रुंदी. लांब दांड्याच्या पान्याने नट जसा कमी जोरात फिरतो, तसे रुंद हँडल कमी जोरात गाडी वळवते.

आणि इथेच धोका आहे. नवी गाडी घेतल्यावर तिसऱ्या रविवारी मी जुन्या महामार्गाने खोपोलीहून बोरघाट चढत होतो. शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे एक उजवे वळण लागले. उजवीकडे वळायचे तर उजवी मूठ पुढे ढकलायची, हे आपण सगळे जाणतो. मी ती सहा वर्षांच्या सवयीच्या जोराने ढकलली. गाडी अपेक्षेपेक्षा लवकर कलली आणि मधली रेषा ओलांडून गेली. समोरून त्या क्षणी काही आले नाही, एवढेच. देवळापाशी थांबून मी हेल्मेट काढले तेव्हा हात थरथरत होते. चूक गाडीची नव्हती. मी तिच्यावर बसून जुनीच गाडी चालवत होतो. पुढचे दोन महिने मी घाटात मुद्दाम हळू गेलो आणि फक्त किती ढकलल्यावर ती किती कलते, एवढेच शिकत राहिलो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पनवेल सोडून वेग वाढला की नेकेडवर वारा थेट छातीवर येतो आणि माणूस नकळत हँडलला लटकतो. हँडल धरून स्वतःला ओढून ठेवले, की वाऱ्याचा प्रत्येक झोत हातांतून पुढच्या चाकात उतरतो आणि गाडी डोलू लागते. नवशिका म्हणतो, गाडी अस्थिर आहे. ती अस्थिर नसते, तिला आपण हलवत असतो. यावर उपाय असा, की गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, पोटाचे स्नायू आवळून धड जरा पुढे झुकवावे आणि कोपरे सैल सोडावीत. सुपरस्पोर्टवर टाकी धरण्याची सवय ज्यांना लागली आहे त्यांना हे लवकर जमते. आपण जे शिकलो ते वाया जात नाही. ब्रेकच्या वेळीही हेच: सरळ बसलेले धड जोराच्या ब्रेकला पुढे झेपावते, ते मांड्यांनी अडवायचे, हातांनी नव्हे.

पावसाळ्यात विशेष जपावे. टॉर्क लवकर येतो, म्हणून ओल्या पेव्हर ब्लॉकवर आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मूठ पिळताना बोटांवर ताबा हवा. रेडिएटर उघडा असल्याने चिखल त्यात बसतो, तो आठवड्याला मंद धारेने धुवावा. मात्र एक सुख असे, की नेकेडचा हेडलाइट सहसा हँडलबरोबर वळतो; फेअरिंगमधला दिवा चौकटीला जोडलेला असल्याने सरळच पाहत राहतो. भर पावसात रात्री चाळीच्या अरुंद गल्लीत वळताना खड्डा आधी दिसणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. यू-टर्न घेताना हँडल आणि टाकीच्या मध्ये अंगठा चिमटत नाही, हे तर पहिल्याच दिवशी जाणवते. मागे बसणारी व्यक्तीही आता नाइलाजाने नव्हे, तर आपणहून बसते.

जे गेले त्याचीही नोंद घ्यावी. लांब वेगवान वळणात पुढचे चाक जितके स्पष्ट बोलते तितके नेकेडवर बोलत नाही, कारण पुढचा भार कमी झालेला असतो. दिवसभर १०० च्या वेगाने गोव्याकडे जायचे असेल, तर वारा मान थकवतो. ज्यांना वर्षातून चार-पाच वेळा सर्किटवर जाता येते त्यांनी सुपरस्पोर्ट सोडू नये, असेच माझे मत आहे.

शेवटी एक काम, जे बहुतेक जण टाळतात. नव्या गाडीचे क्लच आणि ब्रेकचे लिव्हर क्वचितच आपल्या हाताच्या मापाने लावलेले असतात. स्वतःच्या नेहमीच्या बैठकीत बसावे, डोळे मिटून दोन बोटे लिव्हरवर ठेवावीत आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात एका सरळ रेषेत येतो का ते दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. मनगट वर किंवा खाली मोडत असेल, तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून तो फिरवावा आणि पुन्हा आवळावा. पाना एक, वेळ दहा मिनिटे. हे गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशीच, शोरूमच्या दारात करून घ्यावे, आणि मगच ती रस्त्यावर काढावी.