फेब्रुवारीतले शंभर रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरदार मंडळींनी आपली पगाराची पावती आठवून पाहावी. दरमहा दोनशे रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापले जातात आणि फेब्रुवारीत मात्र तीनशे. अकरा महिने दोनशे आणि एकदा तीनशे, म्हणजे वर्षाचे 2500. हा व्यवसाय कर कशासाठी आला, असं विचारलं तर कचेरीत दहापैकी नऊ जण खांदे उडवतील. तो आला रोजगार हमीसाठी. आणि रोजगार हमीमागे होते आपल्या विधान परिषदेचे सभापती, वि. स. पागे.

पागे सांगली जिल्ह्याचे. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, गांधीविचाराचे. 1960 पासून 1978 पर्यंत, सलग अठरा वर्षं ते सभापती होते. आधी त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहिला. मग 1972 साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, योजना राज्यभर निघाली. तोवर दुष्काळ दारात उभा होताच. खडी फोडणाऱ्या बाया, पाझर तलावांवरच्या रांगा, सुकडीची पाकिटं हे तुमच्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिलं असेल.

दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळातही निघत. पाऊस पडला की बंद होत. ती सरकारची मेहेरबानी होती. पाग्यांचं म्हणणं वेगळं होतं: धडधाकट माणूस काम मागायला आला, तर ते देणं सरकारवर बंधनकारक हवं, सुकाळ असो की दुष्काळ. गरिबांची यादी कोण करणार, दाखला कोण देणार, ही कटकटही त्यात नव्हती. उन्हात माती उपसायला, मोजमापाप्रमाणे मिळेल त्या मजुरीवर, सुखवस्तू माणूस कशाला येईल? जो येईल तो गरजूच. मला ही युक्ती फार हुशारीची वाटते. अर्थात म्हाताऱ्या, आजारी माणसाला ती उपयोगी नाही, हेही खरंच.

पण हमी द्यायची तर पैसा हमखास हवा. नाहीतर अर्थसंकल्पात पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून 1975 साली व्यवसाय कर आला. जोडीला विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर जादा आकारणी झाली, बागायती जमिनीवरही कर बसला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराची चूल पेटती ठेवायची, असा हा सरळ व्यवहार. मुंबईकरांनी फारशी कुरकुर केली नाही. गावात काम मिळालं तर फलाटावर मुक्काम ठोकणारे लोंढे कमी होतील, हाही हिशेब त्यामागे असावा.

1977 साली कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला.

आता दोन उण्या गोष्टी. पहिली, संविधानाच्या 276 व्या कलमानं व्यवसाय कराला वरची मर्यादा घातली आहे. ती पूर्वी वर्षाला 250 रुपये होती, 1988 च्या घटनादुरुस्तीनं 2500 झाली आणि तिथेच थांबली. त्यामुळे कचेरीतला कारकून आणि त्याच कंपनीचा कोट्यधीश संचालक, दोघेही सारखेच पैसे भरतात. दुसरी गोष्ट अधिक खटकते. पुढच्या काळात कित्येक वर्षी हमीच्या नावानं जमा झालेला पैसा जास्त आणि कामांवरचा खर्च कमी, असं घडलं. मजूर नव्हते म्हणून? काही ठिकाणी असेल. पण मागणीचा अर्जच न घेणं, पोच न देणं, हजेरीपट वेळेवर न काढणं, यांनीही मागणी कागदावर कमी दिसते.

केंद्रानं 2005 साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. तिथे कुटुंबाला वर्षातून शंभर दिवसांची हमी मिळाली. पाग्यांच्या योजनेत दिवसांची मर्यादा नव्हती, आणि तिच्या मागे तिचा स्वतःचा कर होता. केंद्राच्या कायद्यासाठी असा वेगळा कर काही बसवला गेला नाही. मजुरी थकल्याच्या बातम्या आल्या, की मला पाग्यांच्या आराखड्यातली ही दुसरी बाजू आठवते.

नमस्कार.