मिठाचा रेणू शोधताना

नमस्कार, श्रोतेहो.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मिठाच्या एका रेणूत किती अणू असतात? शाळा सुटल्यापासून रसायनशास्त्राचं तोंडही न पाहिलेला माणूस पटकन सांगेल, दोन. एक सोडियमचा, एक क्लोरीनचा. उत्तर चूक आहे, पण दोष उत्तर देणाऱ्याचा नाही, माझ्या प्रश्नाचा आहे. मिठाला रेणू नसतोच.

1913 साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तेविशीतल्या तरुणाने मिठाच्या खड्यात अणू कसे बसलेत ते क्ष-किरणांच्या मदतीने उलगडून दाखवलं. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. आणि प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. आता या सहांपैकी सोडियमचा जोडीदार कोणता? सांगता येत नाही. सगळे सारख्याच अंतरावर, सगळ्यांशी सारखंच नातं. बुद्धिबळाचा पट चारी बाजूंना आणि वर-खालीही पसरत गेला तर दिसेल तसं. हे अनेकांच्या पचनी पडलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ तर इतके चिडले, की 1927 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहिलं. शीर्षक होतं, ‘बिचारे मीठ!’ मला आर्मस्ट्राँगबद्दल थोडी सहानुभूती वाटते. आयुष्यभर ज्याला रेणू म्हटलं, तो नाहीच असं म्हातारपणी ऐकावं लागणं काही सोपं नसतं.

आयनिक बंध आणि सहसंयुज बंध यांतला फरक मला इथूनच सांगायला आवडतो. पाण्याच्या रेणूत एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटलेले असतात, आणि ते त्याचेच असतात. प्रत्येक बंधात इलेक्ट्रॉनची एक जोडी दोन अणूंमध्ये सामाईक असते. हा सहसंयुज बंध. त्याला ठरलेली दिशा असते, ठरलेला जोडीदार असतो. मिठात सोडियमचा बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असतो. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. सोडियम झाला धन आयन, क्लोरीन झाला ऋण आयन, आणि मग विरुद्ध प्रभारांची ओढ कोणा एकाकडेच नसते, चहूकडे असते. हा आयनिक बंध. या दोन्ही कल्पना 1916 या एकाच वर्षी नीट मांडल्या गेल्या. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची बाजू जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी मांडली, सामाईक जोडीची अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी.

इथे एका वाक्याशी मला भांडायचं आहे. ‘सोडियम स्थिर होण्यासाठी इलेक्ट्रॉन देऊन टाकतो.’ पाठ करायला छान आहे, पण हिशेब करून बघा. एक मोल (म्हणजे मोजणीसाठी ठरवलेला अणूंचा एक प्रचंड गठ्ठा) सोडियम अणूंचे इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 496 किलोज्यूल खर्च येतो. ते क्लोरीनला दिल्यावर परत मिळतात सुमारे 349. म्हणजे या व्यवहारात चक्क 147 किलोज्यूलचा तोटा! सोडियमला दानशूर ठरवण्यात अर्थ नाही. तोटा भरून निघतो तो नंतर. सगळे आयन एकत्र येऊन स्फटिकात बसतात, तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. खरा आयनिक बंध आहे तो या गर्दीत, त्या एका इलेक्ट्रॉनच्या हस्तांतरात नव्हे.

मग पुढ्यात एखादा पदार्थ आला तर ओळखायचं कसं? पहिला आडाखा सगळ्यांना माहीत असतो. धातू आणि अधातू एकत्र आले तर आयनिक, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज. बहुतेक वेळा हा आडाखा चालतो, तो टाकून देऊ नका. पण पदार्थाला स्वतःलाच विचारलेलं बरं.

विचारायचं म्हणजे तापवायचं. मीठ वितळतं 801 अंश सेल्सिअसला. क्लोरीनचंच दुसरं संयुग घ्या, कार्बन टेट्राक्लोराइड. ते साध्या तापमानाला द्रव असतं आणि 77 अंशांच्या आसपास उकळून जातं. यावरून ‘सहसंयुज बंध कमजोर असतात’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात, आणि तो साफ चुकीचा आहे. पाणी उकळतं तेव्हा ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटत नाहीत. वाफेतही पाण्याचे रेणू धडधाकट असतात, फक्त एकमेकांपासून सुटलेले. सुटते ती रेणू-रेणूंमधली ढिली पकड. जिथे सहसंयुज बंधांचंच जाळं सगळ्या खड्यात पसरलेलं असतं, तिथे काय होतं पाहा. क्वार्ट्‌झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. त्यात बंध सहसंयुज धरले जातात, आणि तो वितळायला सुमारे 1700 अंश लागतात. म्हणजे नुसत्या द्रवणांकावर निकाल देता येत नाही.

माझा भरवसा विजेवर. मिठाच्या कोरड्या खड्यातून वीज जात नाही, कारण आयन आहेत खरे, पण जागच्या जागी जखडलेले. तेच मीठ वितळवा, आयन मोकळे होतात आणि वीज वाहू लागते. सोडियम धातू तयार करतात तोही वितळलेल्या मिठातून वीज सोडूनच. वितळलेल्या अवस्थेत वीज वाहते, घन अवस्थेत नाही, ही जोडी दिसली की आयनिक म्हणायला हरकत नाही. मात्र पाण्यात विरघळवून परीक्षा घेऊ नका, तिथे फसगत होते. हायड्रोजन क्लोराइड हा वायू सहसंयुज. पाण्यात शिरला की तो पाण्याच्या रेणूला आपला प्रोटॉन देऊन आयन बनवतो, आणि द्रावण झकास वीज वाहतं. तुम्ही परीक्षा घेतलीत ती त्या वायूची नाही, पाण्याशी झालेल्या अभिक्रियेची.

आता त्या धातू-अधातूच्या आडाख्याला टांग मारणारे दोघं. टायटॅनियम धातू आहे यात शंका नाही, क्लोरीन अधातू. तरी टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव आहे. 136 अंशांना उकळतो आणि दमट हवेत धूर सोडतो. ॲल्युमिनियम क्लोराइड एरवी घन, पण तापवला की 180 अंशांच्या सुमारास न वितळताच त्याची वाफ होते, आणि त्या वाफेत दोन ॲल्युमिनियम आणि सहा क्लोरीन मिळून झालेले सुटे रेणू सापडतात. असं का, याचं उत्तर काझिमियेझ फायान्स यांनी 1923 मध्ये दिलं. धन आयन जितका लहान आणि त्याच्यावर प्रभार जितका जास्त, तितका तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन-ढग आपल्याकडे ओढतो. ढग ओढला गेला, मधल्या जागेत दाटला, की देवघेव राहते बाजूला आणि भागीदारी सुरू होते. सोडियमवर एक प्रभार, त्याला ही ताकद नाही. टायटॅनियमवर चार.

मुलांना आकडा हवा असतो, आणि आकडा आहेही. लायनस पॉलिंग यांनी 1932 मध्ये मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतेला, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेला, आकडा देण्याची पद्धत मांडली. आज वापरली जाणारी मूल्यं अशी: सोडियम 0.93, क्लोरीन 3.16. फरक 2.23. फरक 1.7 च्या वर गेला तर आयनिक, असं शिकवतात. ठीक आहे, पण बोरॉन आणि फ्लोरीन घ्या. 2.04 आणि 3.98, फरक 1.94. नियमाप्रमाणे आयनिक स्फटिक हवा. प्रत्यक्षात बोरॉन ट्रायफ्लोराइड हा वायू आहे, उणे 100 अंशांच्या आसपास त्याचा द्रव होतो. उलट लिथियम आयोडाइडमध्ये फरक 1.68, रेषेच्या अलीकडे, आणि तो पदार्थ मात्र सरळसरळ आयनिक घन. 1.7 या आकड्याला कुंपण समजू नका. तिथे रंग हळूहळू बदलत जातो. शंभर टक्के आयनिक बंध तर कुठेच नाही, मिठातही नाही. शंभर टक्के सहसंयुज मात्र मिळतो: दोन सारखेच अणू जोडले जातात तिथे, जसा हायड्रोजनचा रेणू.

आणि जाता जाता, नवसागर. म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन, तिघंही अधातू. आडाखा म्हणेल सहसंयुज. पण नायट्रोजनने चार हायड्रोजन सहसंयुज बंधांनी धरून अख्ख्या गटावर एक धन प्रभार घेतलेला असतो, आणि तो गट क्लोराइड आयनांसोबत मिठासारखाच स्फटिकात बसतो. आतला बंध एक, बाहेरचा दुसरा, पदार्थ एकच. त्याला आयनिक म्हणाल की सहसंयुज, हे आता तुम्हीच सांगा.

नमस्कार.